दहा आठवड्यांचा प्रकल्प मुलाच्या हातून कसा पूर्ण करून घ्यावा: कोल्हापुरातल्या तिसरी ते पाचवीच्या पालकांसाठी

जुलैच्या सुरुवातीला कधीतरी दप्तरातून एक चिठ्ठी निघते. ‘परिसरातील एका घटकाचा अभ्यास करून प्रकल्प सादर करणे. मुदत सप्टेंबर.’ चिठ्ठी फ्रीजवर चिकटते. मग घटक चाचणी येते, श्रावण येतो, गणपती येतात आणि एका संध्याकाळी मूल सांगतं, “मम्मी, उद्या प्रोजेक्ट द्यायचंय.” त्या रात्री पप्पा झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढत असतात, मम्मी कार्डशीटला सोनेरी लेस लावत असते आणि मूल कधीच झोपलेलं असतं. सकाळी सुबक प्रकल्प शाळेत पोचतो. बाईंनी पहिला प्रश्न विचारला की मूल खाली बघतं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. असे प्रकल्प आम्हा शिक्षकांना पहिल्या पानावरच ओळखू येतात आणि वाईट वाटतं ते मुलासाठी. दहा आठवडे एकाच गोष्टीमागे लागून ती समजून घेण्याची संधी या वयात फार थोड्या वेळा येते.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ‘उद्या’ कळतं, ‘रविवारी’ कळतं, फार तर ‘गणपतीच्या सुट्टीत’ कळतं. ‘सप्टेंबरच्या मध्यापर्यंत’ म्हणजे किती, हे त्याच्या डोक्यात मावत नाही. त्याला आळशी म्हणून उपयोग नाही, वयच तसं आहे. म्हणून वाटणी सरळ ठेवायची. वेळ मोठ्यांनी सांभाळायचा आणि काम मुलानं करायचं. घरोघरी नेमकं उलटं होतं: वेळेची जबाबदारी मुलावर टाकली जाते आणि काम मोठे उरकतात.

या लेखात मी पंचगंगेच्या पाण्याचं एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे. तुमचा विषय दुसरा असला तरी पायऱ्या याच राहतील.

चिठ्ठी आधी नीट वाचा

मुलाबरोबर बसून चिठ्ठी मोठ्यानं वाचा. जे कळत नाही ते त्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना विचारा. प्रकल्प एकट्याचा आहे की गटाचा? वहीत करायचा की चार्टवर? हातानंच लिहायचा का? तोंडी प्रश्न विचारणार आहात का? आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम यांच्याबरोबर प्रकल्पाला गुण असतात. तिथं बघितलं जातं ते मुलानं काय निरीक्षण केलं आणि त्याला काय सांगता येतं. लेस, चकमक आणि थर्माकोलच्या कमानीला कुणी गुण देत नाही.

आणखी एक प्रश्न जरूर विचारा: “बाई, मधे एकदा कच्चं काम दाखवायला पाठवलं तर बघाल का?” बहुतेक शिक्षक आनंदानं हो म्हणतात. त्यामुळे मुलाला अधली एक तारीख मिळते आणि चुकीच्या वाटेनं गेलेलं काम वेळीच वळवता येतं.

विषयातून प्रश्न काढा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. ‘पंचगंगा नदी’ हा विषय आहे, प्रश्न नव्हे. नुसता विषय घेतला की प्रकल्पात काय येणार ते ठरलेलं असतं: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती ही पाच नावं, घाटाचा एक फोटो आणि ‘पंचगंगा ही कोल्हापूरची जीवनवाहिनी आहे’ हे वाक्य. यात मुलाला शोधण्यासारखं काही उरत नाही.

प्रश्न मुलाच्याच बोलण्यात सापडतात. चिठ्ठी आली की त्याच आठवड्यात, पाणी अजून पात्रात असताना, त्याला एकदा घाटावर घेऊन जा. त्याचा हात धरा आणि गप्प बसा. माहिती सांगण्याचा मोह आवरा. ते जे विचारेल ते तुम्ही कागदावर टिपत राहा. पाणी असं लाल का झालं? पूर आला की मासे कुठं जातात? बंधाऱ्याला राजाराम का म्हणतात? काल आपल्याकडे ऊन होतं, तरी पाणी वाढलं कसं?

घरी आल्यावर प्रत्येक प्रश्न तपासा. मुलाला स्वतः काही मोजता, बघता किंवा कुणाला विचारता येईल का? उत्तर मोबाईलवर एका ओळीत मिळत असेल तर प्रश्न छोटा आहे, सोडून द्या. आणि मुदतीच्या आत ती गोष्ट घडताना दिसणार आहे का? वरच्या चार प्रश्नांतला शेवटचा या तिन्ही कसोट्यांना उतरतो. म्हणून आपला प्रश्न ठरला: ‘आपल्याकडे पाऊस थांबला तरी पंचगंगेचं पाणी का वाढतं?’ कोल्हापुरात दर पावसाळ्यात मोठी माणसंही हे एकमेकांना विचारतात, त्यामुळे मुलाला उत्तर ऐकवायला गिऱ्हाईकही भरपूर मिळेल.

दुसऱ्या विषयांतूनही असे प्रश्न निघतात. रंकाळ्यावर सकाळी दिसणारे पक्षी आणि संध्याकाळी दिसणारे पक्षी तेच असतात का? कोल्हापुरी चप्पलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचा एक जोड तयार होताना किती जणांच्या हातांतून जातो? खासबाग मैदान १९१२ सालचं, तर तालमीतल्या लाल मातीत काय काय मिसळतात आणि का? शाहू महाराजांवर प्रकल्प करायचा असेल तर जन्म-मृत्यूच्या तारखांत अडकू नका. करवीर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आई-बापाला दंड होऊ लागला. तेवढा एक धागा धरून ‘आमच्या घरातलं सगळ्यात आधी शाळेत गेलेलं माणूस कोण?’ असं विचारलं की पणजीपर्यंतचं सगळं घर कामाला लागतं.

हंगामाचा विचार मात्र आधी करा. गुऱ्हाळाचा विषय छान आहे, पण ऑगस्टमध्ये चुलवाण थंड असतं आणि काहील पालथी घातलेली असते. गुऱ्हाळं पेटतात ती दिवाळीच्या सुमाराला. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीअखेरीला येतो. हे विषय दुसऱ्या सत्रासाठी राखून ठेवा.

कॅलेंडर शेवटाकडून भरा

भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि सादर करायच्या तारखेभोवती मुलालाच लाल गोल करू द्या. तिथून मागं या. शेवटचा आठवडा मोकळा ठेवा, कारण त्यात कुणीतरी आजारी पडतंच. त्याआधीचा दीड आठवडा लिहिण्याचा आणि चार्टचा, त्याआधीचा एक आलेखाचा. गणपतीच्या दिवसांत बसून करायचं कुठलंही काम धरू नका. मंडळाचा देखावा आणि आरत्या सोडून मूल टेबलाशी बसणार नाही आणि बसूही नये. सुरुवातीचा एक आठवडा प्रश्न ठरवून साधनं बनवण्यात जातो. मधे उरतात ते पाचेक आठवडे रोजच्या नोंदींचे.

शिवाय आठवड्यातून एक ‘प्रकल्पाचा तास’ पक्का करा, रविवारी नाष्ट्यानंतर अर्धा तास. या वयाला सलग अर्धा तास भरपूर झाला. दोन्ही पालक कामावर किंवा शेतात असतील तर ही जबाबदारी आजोबांकडे किंवा मोठ्या भावंडाकडे द्या, पण एकाच माणसाकडे द्या. सगळ्यांचं काम असलं की ते कुणाचंच राहत नाही.

वही आणि पर्जन्यमापक

शंभर पानी एकरेघी वही पुरते. पहिल्या पानावर प्रश्न मोठ्या अक्षरात. दुसऱ्या पानावर ‘मला काय वाटतं?’ असं लिहून मुलाचा आजचा अंदाज त्याच्याच शब्दांत उतरवू द्या. “नदीच्या तळातून पाणी येत असेल,” असं त्यानं लिहिलं तरी खोडू नका. दहा आठवड्यांनी तेच पान प्रकल्पातलं सगळ्यात बोलकं पान ठरतं, कारण तिथून ते किती पुढं आलं हे त्याला स्वतःला दिसतं.

पर्जन्यमापक घरी बनवता येतो. कोल्ड्रिंकची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, अंगानं सरळ असलेली, मधे कंबर नसलेली. वरचा निमुळता भाग जिथं संपतो आणि बाटली सरळ होते तिथं आडवं कापा. कटर मोठ्यांनी धरायचा. कापलेला वरचा भाग झाकण काढून उलटा आत बसवला की नरसाळं तयार होतं, त्यामुळे पडलेलं पाणी उडून जात नाही. कापलेल्या कडांना चिकटपट्टी लावा, नाहीतर बोट कापतं.

गोम बाटलीच्या बुडात आहे. तिथं खळगे असतात, म्हणून तळापासून मोजलं तर आकडा चुकतो. बुडात धुतलेले खडे घाला, खळगे बुडेपर्यंत पाणी ओता आणि त्या पातळीवर पक्क्या पेननं रेघ मारा. ही शून्याची रेघ. पट्टीचा शून्य बरोबर या रेघेवर येईल अशी प्लास्टिकची पट्टी बाहेरून चिकटवा. नरसाळ्याचं तोंड आणि बाटलीचं अंग एकाच रुंदीचं असल्यामुळे पाणी जितके मिलिमीटर चढेल तितके मिलिमीटर पाऊस. अरुंद बाटलीवर मोठं नरसाळं ठेवलं तर पाऊस आहे त्यापेक्षा जास्त दिसेल. हे मुलाला सांगू नका. एक अरुंद बाटली शेजारी ठेवून त्यालाच बघू द्या.

बाटली गच्चीवर किंवा अंगणात उघड्यावर ठेवा, झाडाखाली नको, वळचणीला नको. वाऱ्यानं पडू नये म्हणून भोवती चार विटा. फ्लॅटच्या गॅलरीत पाऊस तिरका आणि अर्धा येतो, तिथला आकडा खरा नसतो. त्यापेक्षा सोसायटीची गच्ची किंवा मावशीचं अंगण बघा.

मिलिमीटर म्हणजे नेमकं किती, हेही एकदा करून दाखवा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. गच्चीवर खडूनं एक मीटरचा चौकोन आखा. दहा मिलिमीटर पावसात त्या एवढ्याशा चौकोनावर दहा लिटर पाणी पडलं, म्हणजे एक छोटी बादली. मग सगळ्या गच्चीवर किती? पूर्ण गल्लीवर किती? हा हिशेब सुरू झाला की मूल आपोआप नदीपर्यंत पोचतं.

रोजची दोन मिनिटं

हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं. तुमच्या मुलाची शाळा सकाळची असेल तर पावणेसात ठरवा, पण वेळ रोज तीच हवी. डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचायचं, वरून वाकून नाही. आकडा लिहायचा आणि पाणी शून्याच्या रेघेपर्यंत ओतून टाकायचं.

वहीत रकाने असे आखा: तारीख, आपल्याकडचा पाऊस, गगनबावड्याचा (पश्चिमेकडच्या घाटमाथ्यावरचा) पाऊस, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी, मला काय दिसलं. शेवटचा रकाना विसरू नका. ‘गल्लीत पाणी साठलं’, ‘दिवसभर ऊन’, ‘पप्पा पाण्यामुळे लांबून फिरून आले’ असल्या ओळींत पुढं उत्तराचे धागे सापडतात.

गगनबावड्याचा पाऊस आणि बंधाऱ्याची पातळी वर्तमानपत्रात येते, जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या रोजच्या माहितीतही असते. पावसाळ्यात पातळी बघायला मुलाला नदीकाठी, बंधाऱ्यावर किंवा पुलावर नेऊ नका. गर्दी बघून पाय तिकडे वळतात हे खरं, पण आकडा घरबसल्या मिळतो.

पेपरातला आकडा आदल्या दिवसाचा असतो. सकाळी मोजलेला तुमचा पाऊसही आधीच्या चोवीस तासांचा असतो. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या तारखेचा आणि शक्य तर किती वाजताचा, हे लिहायला शिकवा. नाहीतर एका दिवसाचा फरक पडतो आणि आपला प्रश्नच एका-दोन दिवसांच्या फरकाचा आहे.

बंधाऱ्याची पातळी फूट आणि इंचात असते. ३२ फूट १० इंच हा आकडा मूल ‘३२.१०’ असा लिहितं आणि दुसऱ्या दिवशी ३३ फूट ३ इंच आले की वजाबाकीत गडबडतं. बारा इंचांचा एक फूट हे टेप हातात देऊन दाखवा. ३२ फूट १० इंचांवरून ३३ फुटांपर्यंत दोन इंच, तिथून पुढं तीन, म्हणजे पाणी पाच इंच वाढलं. असं बोटानं मोजू द्या. चौथीतलं मूल आठवड्याभरात तयार होतं आणि मग रोज सकाळी घरात तेच जाहीर करतं.

एखादा दिवस राहून गेला तर त्या रकान्यात ‘नोंद नाही’ लिहायचं. अंदाजानं आकडा भरायचा नाही, शेजारच्याचा उतरवायचा नाही. दुसऱ्या दिवशी बाटलीत दोन दिवसांचं पाणी असेल तर तसंच लिहायचं: ‘दोन दिवसांचा मिळून.’ यावर मी हट्टी आहे. रिकामा रकाना दाखवायला लाजू नये हे मुलाला कळलं, तर बाकी प्रकल्प साधा झाला तरी चालेल.

तिसऱ्या आठवड्यातला कंटाळा

तो येणारच. नवलाई ओसरते, पाऊस उघडीप घेतो, चार दिवस ओळीनं शून्य येतो आणि मूल म्हणतं, “काहीच नाही लिहायला.” तेव्हा सांगा की शून्य हीसुद्धा नोंद आहे आणि आपल्या प्रश्नासाठी तर सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडे शून्य असताना बंधाऱ्याजवळ काय झालं, तेच तर बघायचं आहे.

बक्षिसाचं आमिष दाखवू नका, नाहीतर पुढच्या आठवड्यात मोठं आमिष लागतं. त्याऐवजी काम बदला. त्या रविवारी नकाशा काढा. मोठ्या कागदावर मध्ये कोल्हापूर, पश्चिमेला सह्याद्री आणि गगनबावडा, तिथून येणाऱ्या नद्या. भोगावतीवर राधानगरी धरण दाखवा आणि प्रयाग चिखलीचा संगम खुणेनं भरा. मुलाला बोटानं वाट धरून खाली यायला सांगा, शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते तिथपर्यंत. सरस्वती कुठं आहे असं ते विचारेल. ती गुप्त मानली जाते, नकाशावर चारच सापडतात, असं खरं ते सांगा आणि त्यालाही तसंच लिहू द्या.

बहुतेक वेळा हा नकाशा काढतानाच उत्तर उमलतं. समजा वहीत दिसलं की मंगळवारी आपल्याकडे तीनच मिलिमीटर पाऊस होता, गगनबावड्यात मात्र धो धो होता, आणि बुधवारी बंधाऱ्याजवळ पाणी फूटभर वाढलं. मुलाच्या पुढ्यात वही आणि नकाशा शेजारी शेजारी ठेवा आणि थांबा. “वरचं पाणी खाली आलं!” हे वाक्य त्याच्या तोंडून यायला हवं. तुम्ही दहा सेकंद आधी बोललात तर त्याचा शोध तुम्हीच लावला असं होईल.

त्यानंतर पुढचे प्रश्न येतील. राधानगरी धरण पूर्ण भरलं की त्याच्या सात स्वयंचलित दरवाजांतले काही आपोआप उघडतात, मग पाऊस थांबलेला असला तरी भोगावतीत पाणी येत राहतं. खाली कृष्णा तुडुंब असेल तर पंचगंगेच्या पाण्याला पुढं सरकायला जागा राहत नाही आणि ते सावकाश ओसरतं. या दोन गोष्टी मुलाला एकट्यानं सापडणार नाहीत. इथं तुम्ही किंवा शिक्षकांनी मदत करायला हरकत नाही. मात्र त्यानं विचारल्यावर करा.

माणसांना विचारणं

आज जे मूल तिसरी-चौथीत आहे त्याला २०१९ चा पूर आठवत नाही, २०२१ चा धूसर आठवला तर. दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, तर धोक्याची पातळी आहे ४३ फूट आणि इशाऱ्याची ३९. आकडे वहीत येतीलच, पण ५५ फूट म्हणजे काय हे सांगायला माणूस लागतो. आज्जी, शेजारचे काका, दूधवाले मामा, २००५ चा पूर बघितलेलं कुणीही.

प्रश्न आधी लिहून काढायचे, पाच-सहाच. ‘पूर कसा होता?’ असं विचारलं की ‘लई मोठा होता’ एवढंच उत्तर येतं. ‘पाणी तुमच्या घरात कुठपर्यंत आलं होतं?’, ‘घर सोडताना सगळ्यात आधी काय उचललं?’, ‘जनावरांचं काय केलं?’, ‘पाणी उतरायला किती दिवस लागले?’ असं विचारलं की माणूस बोलू लागतं. भिंतीवरची खूण कुणी दाखवली तर टेपनं मोजून घ्यायची आणि मूल स्वतः तिथं उभं राहिलं तर पाणी त्याच्या डोक्यावर किती जाईल तेही लिहायचं.

विचारण्याआधी परवानगी घ्यायची, नाव प्रकल्पात लिहिलं तर चालेल का हेही विचारायचं. काहींचं त्या पाण्यात फार गेलं आहे. समोरचं माणूस गप्प झालं तर पुढचा प्रश्न विचारायचा नाही, “थँक्यू आज्जी” म्हणून थांबायचं, हे मुलाला घरूनच समजावून पाठवा. रेकॉर्डिंग केलं असलं तरी त्याच संध्याकाळी आठवतील तेवढ्या ओळी वहीत उतरवून घ्या. दोघांनी दोन वेगळी सालं सांगितली तर दोन्ही लिहा आणि नंतर जुन्या पेपरशी ताडून बघा.

आज्जीला आणखी एक विचारायला सांगा. आषाढात गल्लीगल्लीतून वाजतगाजत टेंबलाई देवीला पंचगंगेचं नवं पाणी वाहायला जातात, ते का? पिपाणी-ढोलाचा ‘पी ढबाक’ मुलानं ऐकलेला असतो, पण नदीला नवं पाणी आलं म्हणून ही जत्रा, हा संबंध त्याला कुणी सांगितलेला नसतो. माझ्या मते हे एक पान नदीच्या प्रकल्पात असायलाच हवं.

पुस्तकं, पेपर आणि मोबाईल

एका शनिवारी मुलाला करवीर नगर वाचन मंदिरात न्या. १८५० पासूनचं हे ग्रंथालय आहे. आपला प्रश्न मुलानंच काउंटरवर सांगावा, तुम्ही मागं उभं राहा. पुस्तक मिळो न मिळो, अनोळखी माणसाला नीट विचारणं तिथं होतं. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवरच्या उत्खननात मिळालेल्या वस्तू आहेत. ब्रह्मपुरी पंचगंगेच्या अगदी काठाला. फार जुन्या काळापासून माणसं नदीजवळ, पण उंचावर का राहिली, हा प्रश्न तिथं उभं राहिल्यावर सुचतो.

वाचलेलं वहीत उतरवताना एक नियम पाळा: परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, मला काय कळलं ते तोंडी सांगायचं आणि मग लिहायचं. पुस्तक उघडं ठेवून लिहिलं की मूल ‘भौगोलिकदृष्ट्या’ असले शब्द चित्रासारखे उतरवत बसतं. प्रत्येक माहितीखाली ती कुठून मिळाली हे एका ओळीत: पेपरचं नाव आणि तारीख, पुस्तकाचं नाव, किंवा ‘आज्जीनं सांगितलं’.

मोबाईल वापरायला हरकत नाही, पण शेजारी बसून. शोधायचं वाक्य मुलानं सांगावं, तुम्ही टाइप करा, एकच गोष्ट मिळवा आणि मोबाईल बाजूला ठेवा. आता आख्खा निबंध मोबाईलच लिहून देतो. तो उतरवून घेतला तर मुलाच्या पाच आठवड्यांच्या नोंदी फुकट जातात, कारण त्या निबंधात तुमच्या गच्चीवरचा पाऊस नसतो.

आलेख

तिसरीच्या मुलासाठी चित्रालेख बरा: एक थेंब म्हणजे पाच मिलिमीटर. चौथी-पाचवीला स्तंभालेख जमतो. रोजचे आकडे खूप होत असतील तर आठवड्याची बेरीज करा. पातळीसाठी वेगळा आलेख, त्यात ३९ फुटांवर पिवळी आणि ४३ फुटांवर लाल रेघ. इंच सोडून जवळचा पूर्ण फूट घेतला तरी या वयाला चालतं. दोन्ही आलेख एकाखाली एक, तारखा बरोबर एका ओळीत येतील असे काढा. पाऊस आधी आणि पाणी नंतर हे डोळ्यांनाच दिसतं. रेघ वाकडी आली तर खोडरबर मुलाच्या हातात द्या, पेन्सिल तुमच्या हातात घेऊ नका.

लिहिणं आणि चार्ट

कोऱ्या कागदापुढं बसवून “लिही” म्हटलं की मूल अडतं. आधी त्याला सांगू द्या: तुझा प्रश्न काय होता, तू काय केलंस, काय दिसलं, का झालं असेल, अजून काय कळलं नाही. तुम्ही फक्त विचारा. तेच बोलणं पाच तुकड्यांत पेन्सिलनं कच्चं लिहून होतं. त्यावर व्याकरणाची लाल पेनं चालवू नका. अर्थ लागत नसेल तिथं “हे मला कळलं नाही” एवढंच सांगा. शुद्धलेखनाचे चार-पाच शब्द दाखवा, बाकी शिक्षक बघतील. ‘पाणी लई वाढलं’ असं त्यानं लिहिलं असेल तर तेही राहू द्या.

‘मला अजून काय कळलं नाही’ हा तुकडा गाळू नका. पालकांना तो कमीपणाचा वाटतो, शिक्षक मात्र तोच आधी वाचतात.

चार्टवर थोडंच घ्या: प्रश्न, नकाशा, दोन आलेख, आज्जीची एक ओळ आणि उत्तर. तिसऱ्या बाकावरून वाचता यावं एवढं अक्षर. तयार चित्रांचे तक्ते कापून चिकटवण्यापेक्षा मुलानं काढलेली वेडीवाकडी पर्जन्यमापकाची आकृती केव्हाही चांगली. कापणं, चिकटवायला धरणं, पुसट रेघा आखून देणं ही तुमची मदत. लिहिणं, रंगवणं, आकडे भरणं त्याचं.

सादर करण्याआधी

पाठांतर करून घेऊ नका. पाठ केलेलं मूल मधे अडलं की पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतं. चार्ट समोर ठेवून तीन वेगळ्या माणसांना समजावून सांगू द्या, त्यात एक प्रकल्पाची काहीही माहिती नसलेलं असावं. त्या माणसानं खरे प्रश्न विचारावेत. उत्तर येत नसेल तर “हे मी बघितलं नाही, पण पुढच्या पावसाळ्यात बघेन” असं म्हणायची सवय घरातच लावा.

देण्याच्या दिवशी पाऊस असणार हे धरून चला. चार्ट गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, दोन्ही टोकांना रबर. चार्टबरोबर नोंदींची वहीसुद्धा द्या, चहाच्या डागासकट, ‘नोंद नाही’च्या रकान्यांसकट आणि दुसऱ्या पानावरच्या त्या पहिल्या अंदाजासकट. बाटली गच्चीवर तशीच राहू द्या. परतीचा पाऊस अजून यायचा असतो आणि मूल तो मोजायला स्वतःहून वर जातंय का, ते बघा.